साडूंची नदीकाठची माय

आमच्या साडूंइतका लांब राहणारा माणूस अख्ख्या सुरतेत सापडणार नाही, आणि ते राहतात डिंडोलीत, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारावर गणपती, गॅलरीत तुळस, सगळं रीतसर आहे. पण पलसाण्याच्या डाइंग मिलमधला बॉयलर सांभाळण्याच्या कामावरून ते निवृत्त झाले, मुलाने मोठा मोबाइल घेऊन दिला, आणि साडू दक्षिण अमेरिकेतल्या घनदाट जंगलात, एका नदीकाठच्या खेड्यात राहायला गेले ते गेलेच. तिथे मोजक्या झोपड्या, रस्ता नाही, जायचं-यायचं ते नावेतून. तिथल्या एका घरची सून रोजचं जगणं मोबाइलवर टिपते आणि बाजाराला मोठ्या गावी गेली की ते जगाला दाखवते. जगाला त्याचं किती कौतुक आहे कोण जाणे, साडूंना मात्र त्या घरातली कोंबडी कुठे अंडं घालते तेसुद्धा ठाऊक आहे.

मे महिन्यात घामाने निथळत जिना चढून जावं तर साडू दारातच सांगतात, "कालपासून नुसतं धो धो चालू शे. पानी पार पायरीले लागनं!" पहिल्यांदा मी घाबरून तापीच्या दिशेने पाहिलं होतं. आता नुसतं "अरेरे" म्हणतो आणि पंख्याखाली बसतो. ती माणसं एक कंद किसून, पिळून, त्याच्या भाकऱ्या भाजतात. आपला साबुदाणा त्याच कंदापासून होतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि साडूंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "म्हणजे ह्या लोके बारमाही उपास करतस!" तेव्हापासून एकादशीची खिचडी ते नातेवाइकांकडून आलेल्या डब्यासारखी कौतुकाने खातात. ते लोक भाकरीबरोबर मासा खातात, हे माझ्या मेहुणीने, म्हणजे ताईंनी, दाखवून दिलं. तेव्हा नदीचा मासा म्हणजे भाजीच, असा निकाल देऊन ते मोकळे झाले.

तिकडची माणसं दुपारी झोळीत झोपतात, म्हणून यांनी गॅलरीच्या गजांना ताईंची साडी बांधली. साडी सुरतेची, पॉलिएस्टरची. ती फाटली नाही, पण साडूंच्या वजनाने हळूहळू लांबत गेली आणि अर्ध्या तासात ते झोळीसकट फरशीवर टेकले. पडल्याचं कळलंच नाही म्हणून झोपही मोडली नाही. एकदा त्यांनी कच्ची केळी थेट गॅसवर भाजायला घेतली. धूर पाहून समोरच्या गुजराती बेन पाण्याची बादली घेऊन धावत आल्या, "शुं थयुं? आग लागी के?" साडूंनी त्यांना शांतपणे आत बसवलं आणि एक काळं केळं खायला दिलं. बेननी ते खाल्लं, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी आमच्या ताईंकडे फार दयेने पाहिलं.

या सगळ्या गोतावळ्यात साडूंचा खरा जीव मात्र एका म्हातारीवर. त्या घरची सासू. चुलीपाशी एक गुडघा उभा करून बसते, बोळक्या तोंडाने हसते, सगळ्यांना सतत काहीतरी सुनावत असते. साडूंना तिची भाषा येत नाही, पण ती काय बोलते ते सगळं समजतं. ते तिला "माय" म्हणतात. तिच्या खोकल्यावर सुंठ आणि गुळाचा उपाय त्यांनी चित्रफितीखाली मराठीत लिहून पाठवला. तिकडून लाल बदामाचं चित्र आलं. "पोचलं औषध," साडू म्हणाले.

आणि मग एक दिवस माय दिसेनाशी झाली. चूल होती, सून होती, कोंबड्या होत्या, माय नव्हती. पुढच्या खेपेलाही नव्हती. साडूंनी लिहून विचारलं, तर उत्तरादाखल पुन्हा लाल बदाम. त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मी थट्टा केली, तर ते हसले नाहीत. मग एका संध्याकाळी नवीन चित्रफीत आली, आणि तीत मायचा मुलगा नाव वल्हवत होता. डोक्याचा पार गोटा. मिशीसुद्धा नाही.

याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. साडूंनी मोबाइल उलटा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाढी करणं सोडलं, देवपूजा मुलाकडे दिली, घरात गोडधोड बंद केलं. ताई म्हणाल्या, "अहो, आपल्याला तिचं सुतक लागत नाही." साडू म्हणाले, "लागत नाही. मी धरस."

दहाव्या दिवसाचं करायचं म्हणून ते तापीकाठी घाटावर निघाले, तेव्हा ताईंनी मला सोबत जायला सांगितलं. मी कुरकुर करणार होतो. पण जिन्यात त्या हळूच म्हणाल्या, "त्यांचं गाव उकाईच्या धरणात गेलं ना. नदीकाठीच होतं. सासूबाई अशाच बसायच्या चुलीपाशी. त्यांचा एक फोटोसुद्धा नाही हो आपल्याकडे." मग मी मुकाट्याने रिक्षात बसलो.

घाटावर गुरुजींनी नाव विचारलं. "माय." गोत्र? "गोत्र माहीत नही, पण नदी मोठी शे," साडू म्हणाले. गुरुजी मुरलेले होते. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं, असं सांगून त्यांनी विधी आटोपला, आणि पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. कावळे पुष्कळ होते. शेजारच्या पिंडांवर झुंबड उडाली होती. आमच्या पिंडाशी एक आला, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून भिंतीवर जाऊन बसला. साडूंनी हात जोडले. "माय, नातवंडांची काळजी करू नको." कावळा हलला नाही. "सुनेवर मना ध्यान शे. रोज पाहस मी." नाही. "नाव गळतेय, ती नीट करायला लावतो." कावळ्याने चोच पुसली. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवायचं सुचवलं, तर साडूंनी मान हलवली. "तिनी काहीतरी इच्छा राही गयी," एवढं म्हणाले आणि पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी आम्ही चौथ्या मजल्यावर परतून बसलो होतो. मोबाइल वाजला. साडू बघेनात, म्हणून ताईंनीच लावला. नदी दिसली, वळणावरून एक नाव आली, आणि नावेत माय बसली होती! मांडीवर गुंडाळलेलं तान्हं बाळ, बाजूला ओली बाळंतीण लेक. म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला खालच्या गावी गेली होती. काठावर घरातली सगळी पोरंही गोटा करून डोकी खाजवत उभी. उवांचा उपद्रव झाला होता, दुसरं काही नाही. माय उतरली, मुलाच्या गुळगुळीत टाळूवर चापट मारली आणि कॅमेऱ्याकडे बघून बोळकं पसरून हसली.

"सांगीसन जावानं व्हतं ना, माय!" साडू मोबाइलवर ओरडले. मग मला म्हणाले, "तरी कावळा शिवत नव्हता! त्याले माहीत व्हतं!" ताई डोळे पुसत म्हणाल्या की मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, आणि लगेच शिऱ्यासाठी रवा भाजायला उठल्या.

साडूंनी ती चित्रफीत पुन्हा लावली. नाव वळणावरून आली, माय उतरली. पुन्हा लावली. शिरा निवत होता. ताई बंद करा म्हणणार, तेवढ्यात मी त्यांना खुणेनेच थांबवलं. आमच्या वयाच्या माणसांनी पुष्कळ जणांना पोचवलेलं असतं. पण पोचवलेली माय नावेत बसून परत येताना पाहणं आमच्या साडूंच्याच नशिबी आलं, आणि त्यांना ते आणखी एकदा पाहायचं होतं.