थरथरू नका

“या माणसाच्या चेहऱ्यावर काहीही नाही. कोरा. पिढ्यान्‌पिढ्यांचा कोरेपणा. काय इमेज आहे!”

फिल्म क्लबचे अध्यक्ष माइकवर बोलत होते. मागं पडद्यावर चित्र थांबवलेलं. कमरेएवढ्या पाण्यात उभा एक माणूस, दोन्ही हातांनी डोक्यावर हलगी धरलेली.

तो माणूस म्हणजे माझे आबा.

सिनेमा वाईत काढलाय, आबा त्यात आहेत, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

मी सांगलीत एका लॅबमध्ये रक्त तपासते. रविवारी या फिल्म क्लबला जाते. तिथले सिनेमे विचित्र. दार उघडलं की आत नदी. पंगतीत घोडा बसलेला, पण का बसलाय ते कुणी विचारत नाही. माणसं जिना चढतात आणि खालीच पोचतात. बाकीचे चहा पिताना अर्थ शोधतात. मला मात्र ते पहिल्यापासून ओळखीचं वाटलं. वाईजवळच्या आमच्या मातंग वस्तीत असंच घडायचं. एकाएकी नळाला कुलूप. एकाएकी आबांना निरोप, यंदा जत्रेत वाजवायला येऊ नका. का, ते कुणी सांगत नसे. विचारायचंही नसे. आमचं जगणं कुणीतरी लांबच्या देशात बसून पडद्यावर आणलंय, असं वाटायचं मला.

शूटिंग झालं तेव्हा मी सातवीत होते. थंडीची सकाळ, कृष्णेचा घाट. आबांची कोरडी कापडं छातीशी धरून मी पायरीवर उभी. दिग्दर्शक तरुण होता, गोड बोलायचा.

“काका, फक्त धरा. वाजवायची नाही.”

“मग धरायची कशाला, सायेब?”

सगळे हसले. उत्तर कुणी दिलं नाही. आबा कापायला लागले की कॅमेरा थांबायचा. “काका, थरथरू नका.” पुन्हा पाण्यात. शेवटी आबांनी दात आवळले, नजर एका जागी खिळवली. तेव्हा कुठं मंडळी खूश झाली. नंतर आबा तापानं फणफणले. तरी वस्तीभर सांगत फिरले, “आपुन पिच्चरमध्ये हाय.”

तोच हा चेहरा. कोरा म्हणे.

अध्यक्ष म्हणजे शहरातले बडे डॉक्टर. आमच्या लॅबला निम्मं काम त्यांच्याच दवाखान्यातनं येतं. तरी मी उठले.

“ते माझे वडील आहेत. चेहरा कोरा नाही तो. त्यांनी थंडी दाबून धरलीय. थरथरायचं नाही, असं सांगितलं होतं त्यांना.”

अध्यक्ष हसले. मायेनं हसले. तेच जास्त लागलं.

“वा! किती मोलाचा अनुभव. पण ताई, सिनेमा असा घरगुती नजरेनं बघायचा नसतो. आणि हो, आपला महोत्सव येतोय. वडिलांना घेऊन या. पाहुण्यांच्या स्वागताला दाराशी हलगी वाजवतील.”

टाळ्या. लोक खरोखरच टाळ्या वाजवत होते.

“न्हाई.” इतकी वर्षं घासूनपुसून बोललेली माझी भाषा तिथंच गळून पडली. “न्हाई येणार ते. दाराशी न्हाई येणार.”

मागनं कुणीतरी म्हणालं, “चर्चा पुढं नेऊया.”

चर्चा पुढं गेली. मी उभीच. कुणी वळूनही बघेना. शेवटी मीच बाहेर आले आणि आबांना फोन लावला.

“दावला का गं? कसा दिसलो मी?”

“लय भारी दिसलासा, आबा.”

मग महोत्सवाचं सांगितलं. मी नकार दिला, तेही.

“आगं, मी आलो असतो की,” आबा म्हणाले. “एवढ्या मोठ्या डाक्टरनं बोलावलं व्हतं. तू कशाला न्हाई म्हनलीस?”

जन्मभर दाराशी उभं राहिलेल्या माणसाला त्यातला अपमान फोनवर कसा सांगायचा? त्यांच्या लेखी त्यांचा मान मीच हिरावला होता. फोन त्यांनीच ठेवला.

क्लब मी सोडणार नाही. सोडला, तर ते सिनेमेही अध्यक्षांसारख्यांचेच होऊन बसतील. येत्या रविवारी मी जाणार. नोकरीवर आलं तर येऊ दे. पडद्यावर असा बिननावाचा माणूस उभा दिसला, की अर्थ सांगणाऱ्यांच्या आधी मी विचारणार. हा कोण? याला इथं कुणी उभा केला? काय सांगून?

उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार.