आण्णाप्पा वायरमन आणि अडकणारा कॉम्प्युटर

"कुठंतरी लूज हाय बघ," असं आण्णाप्पा वायरमन येताजाता म्हणायचे. नळाला पाणी आलं नाही, कुठंतरी लूज. शेजारी नवराबायकोचं वाजलं, कुठंतरी लूज. गोव्यात नोकरीला असलेला मुलगा सौरव फोन करायला विसरला, तर त्याचंही तेच. हे म्हणताना त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप जवळ यायचं. बोटांत न दिसणारा एखादा स्क्रू असावा आणि तो पिळायचा राहून गेला असावा, तसं.

त्यांची सारी नोकरी निपाणीतल्या तंबाखूच्या एका वखारीत झाली. वखारीत आग म्हणजे काळच. पण आण्णाप्पांच्या कारकिर्दीत तिथल्या बोर्डातनं साधी ठिणगी उडाली नाही. याचं कारण विचारलं की ते छाती पुढं काढून सांगत, की बोर्डाचा एकेक स्क्रू मी हातानं पिळून बघत होतो आणि दर अमावास्येला त्याला उदाचा धूप देत होतो. आपल्या भागात ट्रकला, पिठाच्या गिरणीला, रसाच्या चरकाला अमावास्येची पूजा होतेच. बोर्डालाही व्हायला पाहिजे, हे त्यांनी मालकाच्या गळी उतरवलं होतं.

नोकरी संपली आणि त्या हातांना काम उरलं नाही. माणूस कॉटवर बसायचा, पण पाय बसायचा नाही. सारखा हलत राहायचा. त्यांची बायको मंगल म्हणायची, "अवं, त्या पायाला एखादा खिळा तरी ठोका. माझं डोळं फिराय लागल्यात."

अशा दिवसांत घरात कॉम्प्युटर आला.

तो आला सुनेसाठी. रचना सदलग्याची. शाळा कन्नड, घर मराठी. दोन्ही भाषा तिच्या तोंडात एकाच विहिरीच्या पाण्यासारख्या. शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणाऱ्या एका कंपनीनं तिला काम दिलं. कन्नडमधली बोलणी कानाला लावून ऐकायची आणि मराठीत उतरवायची. आधी पारख, मग पक्की नोकरी. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या नावाला काहीतरी चिकटणार होतं. खिडकीशी टेबल मांडलं, खाली सीपीयूची काळी पेटी ठेवली. आण्णाप्पांनी स्वतः प्लग बसवला आणि येत्या अमावास्येला पेटीपुढं धुपाटणं धरलं.

पेटीच्या बाजूच्या पत्र्याला जाळी होती, जाळीमागं पंखा. उदाचा धूर वर न जाता आडवा झाला आणि सरळ जाळीत शिरला. आण्णाप्पांचे डोळे चमकले. "रचना, बघ गं! कसा वडून घेतोय! वखारीतला बोर्ड कधी असा घेत न्हवता. ह्येला पोचतंय बघ." तेव्हापासून ते दर अमावास्येला, मशीन चालू ठेवून, जाळीच्या अगदी तोंडाशी धूप धरू लागले.

दिवाळी झाली, थंडी सरली, उन्हं तापायला लागली आणि कॉम्प्युटर अडकायला लागला.

काही ताळमेळ नव्हता. कधी सकाळी चांगला चालायचा, कधी तासाभरात पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. कधी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. अथणीकडचा कुणी शेतकरी डाळिंबाच्या बागेविषयी बोलतोय, 'नीरु', म्हणजे पाणी, असं म्हणायला जातोय, आणि तो शब्द मधेच अडकून रचनाच्या कानात नुसतं "नी-नी-नी-नी" वाजत राहायचं. लिहिलेलं सगळं जायचं. ती कानातलं काढून ठेवायची, तरी ते वाजतच राहायचं. पुढं पुढं तिला लिहिण्यापेक्षा अडकण्याचीच जास्त वाट बघायची सवय लागली. भात शिजवतानासुद्धा तिचा एक कान टेबलाकडं असायचा.

बेंगळूरच्या मॅडमनी पहिल्यांदा समजून घेतलं. मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "घरातलं मशीन चालत नसेल तर बेळगावच्या ऑफिसात येऊन बसा. नाहीतर राहू द्या." बेळगावला जायचं म्हणजे तिथं खोली करायची. इथं सासूचे गुडघे धरलेले, नवरा गोव्यात. जायचं नाही म्हटलं तर काम सुटलं. रचनानं हे घरात सांगितलं. आण्णाप्पांचा पाय दुप्पट वेगानं हलायला लागला.

"कुठंतरी लूज हाय," ते म्हणाले आणि पक्कड घेऊन बसले.

सॉकेट बदललं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतलं. पेटीचा पत्रा काढून आतली एकेक वायर दाबली, रॅम काढून खोडरबरानं पुसून परत बसवली. मशीन सुरू केलं की ते नीट चालायचं. मग ते तोंडभर हसायचे. "गावलं! हीच वायर हुती." पत्रा लावायचे, स्क्रू पिळून घट्ट करायचे. जेवणं उरकायच्या आत परत "नी-नी-नी". मग दुसरी वायर सापडायची. दर वेळी तीच हुशारी, दर वेळी तेच हसू. रचनाला ते हसू बघवेना.

शेवटी स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्या विक्रमला बोलावलं. त्यानं मशीन दुकानात नेलं, विंडोज नव्यानं टाकली, रॅम तपासली. परत आणून दिलं तेव्हा म्हणाला, "वैनी, माझ्याकडं टेबलावर उघडंच ठिवून दिवसभर चाललंय. एकदा पण हँग न्हाई झालं. तुमच्या घरच्या लाईटीतच घोळ असंल."

"माझ्या लाईटीत?" आण्णाप्पा उठलेच. "आरं, तुझा बा चड्डीत हुता तवापास्नं वायरिंग करतोय मी!"

"मग वास्तू बघून घ्या, आप्पा," विक्रम हसत गाडीवर बसला.

त्याच आठवड्यात आण्णाप्पा एका लग्नाला बेळगुंदीला गेले. सकाळी वायरी दाबून झाल्या आणि गडबडीत पेटी उघडीच राहिली. मॅडमचं काम अंगावर होतं म्हणून रचना तशीच बसली. दुपार झाली, ऊन कललं, मशीन चालूच होतं. तिला वाटलं, आता अडकेल, आता अडकेल. नाही अडकलं. संध्याकाळी आण्णाप्पा आले. "उघडी ठेवलीस व्हय? उंदरं शिरतील की," म्हणत त्यांनी पत्रा लावला. दिवा लावायच्या आधीच बाण थिजला.

रचना पत्र्यावर हात ठेवून तशीच बसली. पत्रा पोळत होता. विक्रमच्या टेबलावर पेटी उघडी होती. मामा, म्हणजे सासरे, वायरी दाबायचे तेव्हा उघडी होती. आज दिवसभर उघडी होती. पत्रा लागला, की पेटीचा जीव कोंडायचा.

सकाळी उठून उघडून बघायचं तिनं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. ती आंघोळ करून येईतो आण्णाप्पा धुतलेलं धोतर नेसून, निखाऱ्यावर ऊद टाकत दारात उभे.

"मामा, आज ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"का?"

"नगो म्हणते म्हणून."

"अगं, ह्येच्यामुळं तर एवढं तरी तगलंय त्ये! वखारीत एवढी वरसं..." त्यांचा आवाज चढला. मंगल चुलीपासनं उठून आली. रचनाला वाटलं, गप्प बसावं, पत्रा काढून ठेवावा, रोज उघड्यावरच काम करावं. पण रोज संध्याकाळी मामा पत्रा लावणार आणि रोज मशीन अडकणार. तिनं खाली बसून स्क्रू सोडवले आणि पत्रा उलटा करून त्यांच्यापुढं धरला.

जाळीच्या आतल्या बाजूला काळं घोंगडं बसलं होतं. पंख्याच्या पात्यांवर, खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या फटींत तेच. चिकट, दाट. तंबाखूच्या गावात पेटीत धूळ असायचीच, म्हणून आजवर तिकडं कुणी नीट बघितलंच नव्हतं.

"नुसती धूळ आसंल," ते म्हणाले. धुपाटणं मंगलच्या हातात दिलं, तो गोळा दोन बोटांत धरला आणि नाकाशी नेला. या गल्लीतल्या हवेत तंबाखूची पूड असतेच, तिचा वास होता. पण त्याच्या वर, स्वच्छ, उदाचा वास होता.

आण्णाप्पांनी तो गोळा बराच वेळ चुरगळला. रचना दुसरीकडं बघत राहिली. मंगलनं हातातलं धुपाटणं तुळशीपुढं नेऊन ठेवलं.

मग ते खाली बसले. पिशवीतला रंगाचा कोरडा ब्रश काढला, पंख्याची पाती एका बोटानं धरून ठेवली आणि एकेक फट कोरायला लागले. एकदाच म्हणाले, "म्हंजे त्यो घेत न्हवता. त्येचा जीव गुदमरत हुता." रचनानं कागद धरला. त्यावर काळ्याचा ढीग झाला.

"सोसायटीच्या हापिसातल्या कॉम्प्युटरला बी देतासा न्हवं धूप?" मंगल दारातनं म्हणाली. "आनि त्या झेरॉक्सवाल्या ओमकारला बी तुमीच शिकीवलाय."

आण्णाप्पांचा ब्रश थांबला.

दुपारी पत्रा लावून, स्क्रू घट्ट पिळून रचना कामाला बसली. चिक्कोडीकडच्या एका बाईचं लांबलचक बोलणं होतं, उसाला हुमणीची कीड लागल्याचं. आण्णाप्पा पेटीशी उकिडवे बसून पत्र्यावर तळवा ठेवून होते. मधेच उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे, परत तळवा. बाईचं बोलणं संपलं, रचनानं ते मराठीत पुरं केलं आणि पाठवून दिलं. मॅडमचं उत्तर आलं तेव्हा चहा उकळत होता. सोमवारपासून नोकरी पक्की, घरातनंच करा.

"मामा, झालं," ती म्हणाली.

"बरं झालं," ते म्हणाले. आनंद झाला होता, तो कानांपर्यंत दिसत होता, पण त्या आनंदात ते बसून राहिले नाहीत. पिशवीत ब्रश टाकला, स्क्रूड्रायव्हर टाकला, चप्पल पायात अडकवली.

"चा घेऊन जावा की," मंगल म्हणाली. "उन्हाचं एवढं काय पेटलंय?"

"आज अमावास्या हाय. दिवेलागणीला त्यो ओमकार धूप घालंल. सोसायटीत बी घालतील."

"मग फोन करा."

"फोनवर कसं सांगू?" ते म्हणाले. "माझंच चुकलं, ह्ये तोंडावर सांगाय पायजे. न्हाईतर ऐकायचा न्हाई कोन. मीच पटवून दिलतं त्यास्नी."

आणि निघाले. रचनाच्या कानात पुढचं बोलणं सुरू झालं होतं, कुणीतरी कन्नडमध्ये नमस्कार करत होतं. ती खिडकीतनं बघत राहिली. काखेत पिशवी, मान जरा खाली, पण चाल तीच, भराभरा. वखारीच्या भिंतीकडेनं ते गेले, कुणीतरी हाक मारली तरी थांबले नाहीत, आणि वळणावर दिसेनासे झाले.