मीठ बघ

वर्षातले अकरा महिने मुनव्वर स्वतःच्या जिभेने मीठ बघायचा. रमजानमध्ये मात्र ती जीभ बंद. जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाकलं तर रोजा जात नाही, असं मौलवींनी त्याला समजावून झालं होतं. पण श्रीवर्धनकडच्या माणसाला एकदा नाही पटलं की नाही पटलं. मग आखातातल्या शुऐब्याच्या कॅम्पमधल्या मेसमध्ये, जिथे तो हेडकुक होता, त्याने आपली सोय लावून घेतली होती. चमचा भरायचा, फुंकर घालायची आणि नजर पातेल्यावरून न हलवता तो डावीकडे धरायचा. "मीठ बघ." डावीकडे लातूरचा नंदकुमार उभा असायचा. तो चाखायचा, "बराबर हाय" नाहीतर "चिमूटभर टाका" म्हणायचा आणि काम पुढे सरकायचं. इतकी वर्षं हे चाललं होतं की आता त्यात मुनव्वरचं डोकं लागत नसे. हातच ते करून मोकळा व्हायचा.

यंदा त्या हातानेच घात केला.

त्याच्या लेकीचा, इक्राचा, पहिला रोजा शुक्रवारी ठरला होता. मुनव्वरला सुट्टी, तिला शाळा नाही, आणि साबीर आणि नूरी, त्यांच्यासारखंच फहाहीलमध्ये राहणारं त्याच्या गावचं जोडपं, इफ्तारला येणार. पहिला रोजा म्हणजे घरात छोटं लग्नच असतं. नवे कपडे, गळ्यात हार, पाहुण्यांनी आणलेल्या भेटी, आणि त्या दिवशी ताटात काय हवं ते पोराने सांगायचं. कुठलंही शहाणं पोर बिर्याणी सांगतं. इक्राने सांगितलं, कॉर्न्ड बीफ आणि कोबी.

"कोबी?" त्याची बायको झरीन म्हणाली. "पयल्या रोज्याला लोकांना कोबी खायला घालू?"

चूक मुनव्वरचीच होती. दर मार्चमध्ये कॅम्पातल्या आयरिश आणि अमेरिकन साहेबांच्या सणाला तो खारवलेल्या मांसाचा हा पदार्थ करायचा आणि त्याचे फोटो घरी आणून लेकीला दाखवायचा. गुलाबी मांस, वर तकाकणारा गोडसर थर. फोटो बघून बघून पोरगी त्यावर लट्टू झाली होती. आपल्या बापाने केलेलं सगळं जग खातं आणि आपल्याला मिळत नाही, अशी तिची जुनी तक्रार होती. खरं सांगायचं तर तिने बिर्याणी सोडून आपल्या हातचं हे मागितलं, याने मुनव्वर आतून फुलून गेला होता. तोंडाने मात्र तो झरीनच्या बाजूने "पोरांचं काय ऐकायचं" असं म्हणत राहिला.

आदल्या शुक्रवारी त्याने छातीचा चांगला तुकडा आणला. मीठ, साखर, मांस गुलाबी ठेवणारं ते खास मीठ, मिरी, मोहरी, धणे, लवंग, तमालपत्र उकळून गार केलं आणि मांस त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवलं. रोज ते उलटवायचं काम इक्राचं. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी फ्रिज उघडायची. "अब्बा, इट्स गेटिंग हार्ड," असं त्याला मेसमध्ये फोन करून सांगायची. मुनव्वर मोठमोठ्या हंड्यांच्या धगीत उभा राहून ते ऐकायचा आणि नंदकुमारला उगाच हसून दाखवायचा.

शुक्रवारी ती पहाटेच्या सहरीला हाक न मारता उठली. दुपारी तिचा चेहरा उतरला, ओठ सुकले. झरीन म्हणाली, जरा पड. पण मुनव्वर ओट्यापाशी उभा राहिला तशी ती येऊन त्याच्या बाजूला स्टुलावर चढली. सुट्टीच्या दिवशी ती जागा तिचीच होती. आठवडाभर परक्यांसाठी रांधणाऱ्या माणसाला आपल्या बाजूला आपलं माणूस असण्याचं सुख काय असतं, ते त्यालाच ठाऊक. त्या स्टुलासाठी तो शुक्रवारची वाट बघायचा.

मांस धुऊन, साध्या पाण्यात कधीचं मंद शिजत होतं. सुरी आत लोण्यासारखी जायला लागली. वफ्र्याच्या मळ्यातला घट्ट कोबी फोडी करून तयार होता, बटाटे तयार होते. आता हे सगळं त्याच पाण्यात शिजायचं, म्हणजे पाण्याचं मीठ आधी कळायला हवं. खारट राहिलं तर कोबीही वाया आणि मांसही. शिवाय वरचा थर द्यायला मोहरीची चटणी आणि खजुराचा पाक कालवायचा होता, ओव्हन तापत होता, घड्याळ पळत होतं. मुनव्वरने चमचा भरला, फुंकर घातली, डावीकडे धरला.

"मीठ बघ."

चमचा रिकामा परत आला.

"थोडं खारट आहे, अब्बा."

त्याने निम्मं पाणी ओतून दिलं, किटलीतलं गरम पाणी घातलं, कोबी सोडला, झाकण ठेवलं. मग मोहरीची वाटी घ्यायला वळला आणि डावीकडे कोण उभं आहे ते त्याला दिसलं.

इक्रा हाताची पालथी बाजू तोंडावर धरून उभी होती.

"गिळलंस?" त्याने विचारलं.

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर झरीन तिचा नवा ड्रेस इस्त्री करत होती. "इट्स ओके, अब्बा," ती हळूच म्हणाली.

विसरून खाल्लं तर रोजा जात नाही, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. त्याने त्याचाच आधार धरला. "तू विसरलीस ना, बेटा? रोजा हाय ते विसरलीस ना?" तो जवळजवळ विनवत होता.

पोरगी खोटं बोलणारी नव्हती. तिने जरा विचार केला. "नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही सांगितलंत ना."

तेवढ्यात बाहेरून झरीनने हाक मारली. गावाहून दादीचा व्हिडिओ कॉल आला होता. इक्रा स्टुलावरून उतरून गेली. "अल्हम्दुलिल्लाह दादी, छान चाललाय," असं ती बोलताना त्याला ऐकू आलं. आवाज छान नव्हता.

मुनव्वर मांसावर थर लावत बसला. हात नीट चालत होते, त्याचाही त्याला राग आला. नऊ वर्षांच्या पोरीवर रोजा फर्ज थोडाच आहे, त्याने स्वतःला सांगितलं. एक चमचा पाणी. उद्या ठेवेल दुसरा. सगळं खरं होतं आणि एकाचाही उपयोग नव्हता. सकाळपासून तोंडात थेंब न घेतलेली पोर, बापाने चमचा पुढे केला म्हणून तोंड उघडते; त्याला नाही कसं म्हणायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. स्वतःचा रोजा त्याने जिभेच्या टोकाइतकाही डागाळू दिला नाही, आणि लेकीचा आपल्या हाताने मोडला. त्याला स्वतःची लाज वाटली. झरीनला जाऊन सांगावं असं त्याला चारदा वाटलं आणि चारदा त्याने ओव्हन उघडून मांस पाहिलं.

साबीर आणि नूरी हार घेऊन आले. गुलाबांचा जाड हार, इक्राच्या गुडघ्यापर्यंत येणारा. दादी फोनमध्ये पाण्याच्या जगला टेकून बसली होती. खजूर, भजी, फळं मांडून झाली. मुनव्वर तकाकणारं मांस आणि भोवती कोबी असा ट्रे घेऊन आला आणि नूरी म्हणाली, "या अल्लाह, काय दिसतंय!" झरीनने कौतुकाने लेकीच्या गळ्यात हार घातला.

इक्राने दोन्ही हातांनी तो काढला आणि टेबलावर ठेवला.

"माझा रोजा नाहीये," ती म्हणाली. "मी किचनमध्ये खाल्लं. गुपचूप."

साबीर मोठ्याने हसला. "आरं, यात काय! आम्ही तर न्हाणीत जाऊन पाणी प्यायचो!" फोनमधून दादी विचारत होती, काय झाला, कोण काय बोलला? झरीनचा चेहरा पडला होता. मुनव्वर ट्रे धरून उभा होता, फडक्यातून चटका बसत होता, आणि तोंड उघडत नव्हतं. तो बोलणार एवढ्यात मशिदीतून अजान झाली. सगळ्यांचे हात खजुराकडे गेले. ट्रे ठेवून त्याचाही गेला. अजानने आपली सुटका केली असं त्याला वाटलं, आणि तो खजूर त्याला गिळवेना.

"भूक लागली होती तर मना सांगायचंस," झरीन दबल्या आवाजात लेकीला म्हणत होती. "चोरून खातात काय? दादीला काय वाटलं असंल?"

इक्राने खाली मान घालून ऐकून घेतलं. बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तिने नाय खाल्लं," मुनव्वर म्हणाला. "मी भरवलं. मेसमधल्यासारखा चमचा पुढे केला. मी विसरलो, ती नाय विसरली. मी बोललो म्हणून तिने घेतलं." आणि मग, कारण ते सांगणं सगळ्यात जड होतं, "मघापासून मना ठाऊक होतं. पोर माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी गप बसलो."

मग सगळ्यांनी त्याची समजूत घातली. चुकून झालं, अल्लाह नीयत बघतो, पोर लहान आहे. साबीरने पाठीवर थापसुद्धा मारली. झरीनने हार उचलला आणि परत लेकीच्या गळ्यात घातला. या वेळी इक्राने तो राहू दिला.

मुनव्वरने तिच्या ताटात मांसाचा तुकडा वाढला. तिने चवीने खाल्ला, मग दुसरा मागून घेतला. मीठ कसं आहे, हे त्याने विचारलं नाही. ते शब्द आता त्याच्या तोंडून निघणार नव्हते.

"उद्या मी परत ठेवणार," ती म्हणाली.

"ठेव, बेटा."

त्याला वाईट वाटू नये म्हणून ती शब्द शोधत होती, हे त्याला कळलं. "पण अब्बा, रोजा असला की मी तुमच्याजवळ किचनमध्ये नाही उभी राहणार. ओके?"

"ओके," मुनव्वर म्हणाला, आणि तिला कोबी वाढला.