लेतायचा दोर

"मेलेल्या माणसाला घरात घ्यायचं? आणि तेही मीच?" लेतायनं ओली वादी इतक्या जोरात ओढली, की खुंटा हलला.

"मेला नाही गं तो, डोळे गेलेत त्याचे," तिची सासू वोलेता म्हणाली. "कडा न दिसणाऱ्याला वर मठात कसं ठेवतील? तुझा नवरा आहे तो."

"होता. बावीस वर्षांपूर्वी वर जाऊन संन्यासी झाला, तेव्हा त्याच्यावर मयताची प्रार्थना कुणी म्हटली? तुम्हीच ना, केशीबाबा? मी डोकं भादरलं, चाळिसाव्या दिवशी गाव जेवू घातलं. सगळ्यात जास्त इंजेराच्या भाकऱ्या कुणी चापल्या, सांगू?"

आमचे पाद्री केशी गिरमाय दाढी कुरवाळत बसले. मी शेजारीण, हसू दाबत बैलाच्या कातड्याच्या वाद्यांना लोणी चोळत होते.

आमच्या डोंगरावरच्या मठाला वाट नाही. पहिल्या संताला म्हणे सापानं उचलून वर नेलं. तेव्हापासून पुरुष दोरानं चढतात; बायकांनी चढायचं नाही. लेतायच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून दोर वळणं तिच्याकडे आलं. "बाईचे हात चालतात, पाय चालत नाहीत," असं ती म्हणायची. तिचा नवरा हागोस वर गेला तोही तिच्याच दोरानं. तेव्हा लेक मेधिन पोटात होती; जाऊ का, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही.

आता मेधिन अडिग्राट शहरात असते. तीनदा तिनं आईला बोलावलं. एकदा दोर झिजला, एकदा सासूला खोकला झाला, एकदा पुन्हा दोरच. या खेपेला गाठोडं महिनाभर दाराशी बांधून ठेवलेलं. नवा दोर झाला की निघायचं. आणि आज हे.

"जुना दोर धान्याची टोपलीसुद्धा पेलत नाही," केशी म्हणाले. "वर साठ माणसं आहेत, पोरी. नवा झाला की आधी हागोसला उतरवू."

"म्हणजे वळला नाही तर साठ जण उपाशी, आणि वळला तर हा माझ्या चुलीशी."

"देवाची इच्छा," सासू म्हणाली.

"देवाला माझंच घर बरं दिसतं नेहमी."

लेताय वादी संपेपर्यंत वळत राहिली, गाठ मारली, लोण्याचे हात पदराला पुसले.

"दोर उद्या सकाळी पुरा होईल," ती म्हणाली. "त्या दोरानं हागोसला उतरवा. अंथरूण घालून ठेवते. माणूस मठाचा आहे, तेव्हा रांधायला मठानं माणूस द्यावा. आई, तुमचा मुलगा तुमच्याजवळ. मी दुपारच्या गाडीनं मेधिनकडे जाते. पुढचा दोर वळायला दुसरं कुणी बघा."