बचतखात्याच्या खिडकीवर

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक मला अजून पैशांचंच विचारतात. कुठे ठेवू, किती ठेवू, कुणाच्या नावावर ठेवू. मी सल्ला द्यायला बसतो आणि भलतीच गोष्ट सांगून बसतो. माझाही इलाज नाही. पुसदकडच्या एका गावात मी पोस्टाच्या बचतखात्याच्या खिडकीवर सहा-सात वर्षं काढली. गावाचं नाव सांगत नाही, त्या माणसांची नातवंडं अजून तिथे नांदतात. रोजचे पैसे संध्याकाळी तिजोरीत जायचे, गोष्टी मात्र माझ्याबरोबर घरी यायच्या. तिथल्या मुक्कामात त्या किती साचल्या, ते मलाही ठाऊक नाही.

*

शाळेत वामनराव नावाचे मास्तर होते. मुलांना अक्षर गिरवायला शिकवायचे. त्यांची सही इतकी एकसारखी, की मी नमुना सही काढून बघतही नसे. एकदा मुलीच्या लग्नासाठी सगळी रक्कम काढायला आले. हुंड्याचे पैसे संध्याकाळपर्यंत पोचवायचे होते. फॉर्मवर सही केली, ती जुळेना. पुन्हा केली, तरी तेच. गोल अक्षराच्या जागी तिरपं, ओढून लिहिलेलं अक्षर. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच कागद डोळ्यांजवळ नेला आणि टाक खाली ठेवला.

"नाव माझंच आहे," ते म्हणाले, "पण अक्षर माझ्या वडिलांचं आहे. ते जाऊन वीस वर्षं झाली."

पोस्टमास्तरांनी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी अमरावतीहून निरोप आला, की नवऱ्या मुलाचं एक लग्न आधीच झालेलं आहे. दुसऱ्या दिवशी मास्तर आले ते पाच रुपये भरायला. सही त्यांचीच होती.

*

दुसरे माधवराव वकील. पन्नाशीचे, धट्टेकट्टे, सकाळी तीन मैल चालणारे. एका सोमवारी आले आणि म्हणाले की वारसाच्या जागी बायकोचं नाव घाला. मी घातलं. त्याच आठवड्यात त्यांनी विम्याचा हप्ता भरला, मृत्युपत्र केलं, शेताचे कागद एका पेटीत लावले. मी हसत विचारलं, कुठे गावाला निघालात काय. ते हसले नाहीत. घरी कुणीतरी येऊन बसतं, एवढंच बोलले. दुपारी पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसलेलं असतं, जवळ गेलं की नसतं.

पंधराव्या दिवशी घरात माणूस गेलं, पण ते वकील नव्हते. त्यांची बायको गेली.

तेराव्यानंतर ते वारसाचं नाव बदलायला आले. "मी समजलो, ते माझ्यासाठी येऊन बसलंय," एवढंच म्हणाले आणि फॉर्म कोरा ठेवून निघून गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, वारस दोन लिहा. लोकांना वाटतं, हा नियमच आहे.

*

आता माझी स्वतःची. यवतमाळच्या रस्त्याला एक प्लॉट स्वस्तात मिळत होता. जागा हाच खरा पैसा, असं तेव्हाही सगळे म्हणायचे. बायकोने गळ्यातलं मोडायची तयारी केली होती. मी आणि आमचा पोस्टमन गंगाराम भर दुपारी बघायला गेलो. उघडं माळरान, जवळपास घर नाही. मी मधोमध उभा राहिलो आणि पायाखालून जात्याची घरघर ऐकू आली. सावकाश, कुणीतरी एकट्याने दळत असावं तशी. गंगारामला विचारलं, तर त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मी व्यवहार सोडला. गंगारामने घेतला.

विहीर खणताना आठ हातांवर त्याला जातं लागलं. खालची तळी, वरची तळी, आणि दोन्हींच्या मध्ये पीठ. गंगारामने ते होतं तिथेच बुजवलं आणि विहीर पलीकडे घेतली. तिचं पाणी कधी आटलं नाही. आज त्या जागेची किंमत ऐकली की माझी बायको माझ्याकडे नुसती बघते.

*

केसलीबाई तांड्यावरची. दर बाजारच्या दिवशी यायची, ओढणीच्या गाठीतून आठ आणे, रुपया काढून मुलीच्या खात्यात भरायची. मुलीचं नाव जमनी, वय चार. हातातलं चांदीचं वाळं विकून खातं उघडलं होतं. दोन वर्षांनी गंगारामला त्या तांड्यावर मनीऑर्डर द्यायला जावं लागलं. परत आल्यावर म्हणाला, जमनी जन्मली त्याच रात्री गेली. केसलीबाईला दुसरं मूल नाही.

पुढच्या बाजारी मी तिला हळूच सांगितलं, की हे खातं असं चालवता येत नाही, बंद करावं लागेल.

"तुमच्या कागदावर छोरी मोठी होऊन राह्यली जी," ती म्हणाली. "सहाची झाली. राहू द्या ना."

नियम तो नियम. पोस्टमास्तरांनी खातं बंद केलं, पैसे व्याजासकट तिच्या हातात दिले. ती शेजारच्या कासाराच्या दुकानात गेली. नंतर कासाराने मला सांगितलं, बाई दर वर्षी पोरीच्या बांगड्या नेते. माप तोंडी सांगते, आणि दर वर्षी ते एका बोटाने वाढलेलं असतं. आजवर एकदाही परत करायला आली नाही.

*

नामदेव आर्णीच्या वाटेवरच्या खेड्यातला. त्याच्या बापाने चांदीचे रुपये जमिनीत पुरले होते, हे गावाला माहीत होतं. कुठे, ते फक्त बापाला. नवे पैसे निघायच्या आदल्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, बाप शेतात बसल्या जागी गेला. तेव्हा नामदेवचं लग्नही व्हायचं होतं. त्याने घर उकरलं, खळं उकरलं, आणि मग नाद सोडला.

बासष्ट साली, संक्रांत झाल्यावर, गोठ्याची मेढ रोवताना त्याची पहार मडक्यावर लागली. तोंड लाखेने बंद केलेलं. घरी फोडायची त्याची हिंमत झाली नाही, म्हणून तो ते पटक्यात बांधून पोस्टात घेऊन आला. पोस्टमास्तर, गंगाराम आणि मी, तिघांच्या समोर त्याने लाख फोडली. काळे पडलेले राणीछाप रुपये निघाले, एक्केचाळीस. मी त्याला समजावलं, की हे सोनाराकडे मोड आणि येतील ते पैसे इथे भर.

मडकं उलटं करून आपटलं, तर तळाच्या मातीत चिकटलेली आणखी तीन नाणी पडली. लहान, तांबडी. मी धोतराने पुसली. नवे पैसे होते.

पोस्टमास्तरांनी नामदेवला विचारलं, तू आधी उघडलं होतंस का. तो म्हणाला, नाई जी, तुमच्यासमोरच फोडलं. गंगाराम लाखेचे तुकडे उचलून बघत राहिला. लाख जुनीच होती.

नामदेवला वाचता येत नव्हतं. नाण्यांवर काय लिहिलंय, ते त्याने मला विचारलं. मी पहिलं नाणं उजेडात धरलं आणि साल वाचलं, सत्तावन्न.

"त्या साली माही सुमी झाली," तो म्हणाला.

दुसऱ्यावर एकोणसाठ होतं.

"गजानन."

तिसरं अगदी कोरं होतं. बासष्टचं नाणं आमच्या खिडकीवर तोवर एकही आलं नव्हतं. मी साल वाचलं. नामदेवने ते नाणं माझ्या हातातून घेतलं. मग खिडकीपाशी वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला म्हणाला,

"बायकोले दिवस गेले हायेत जी. कालच समजलं. अजून कोणाले सांगतलं नाई."