हा कागद काढू नये

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा काट्यावर संत्र्यांचा ट्रक उभा होता. मी वजन घेतलं, पावती फाडली, मग खाली बसलो. पाच आठवडे झाले... रडू आलं नाही. राग आला, तो अजून उतरलेला नाही.

कळमन्याजवळच्या एका खासगी धरमकाट्यावर मी मॅनेजर आहे. वजन घेणारा आमचा संगणक फार जुना. तो चालू राहिला सुधाकरमुळे. दर महिन्याला येऊन तो बूट रेकॉर्डची, म्हणजे संगणक सुरू होताना डिस्कवरचं जे सगळ्यात आधी वाचतो त्याची, नक्कल फ्लॉपीवर घ्यायचा आणि सेटिंगचे आकडे कागदावर उतरवायचा. "काय गा, कुंडली मांडून राहिला का याची?" मी चिडवायचो. "कुंडलीच समजा, भाऊ. आतली बॅटरी मेली का याले सोताची डिस्कही ओळखू येत नाही." फ्लॉप्या आणि कागद बिस्किटांच्या जुन्या डब्यात असत.

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला मी काटा धुतला, संगणक पुसून त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आणि टेबलाखालचा तो डबा न उघडताच कबाडीवाल्याला देऊन टाकला. दसऱ्यानंतर संगणक उठेना. बॅटरी गेली होती. मी घाईत अंदाजानं आकडे भरले, तर बूट रेकॉर्डही बिघडलं. ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. सुधाकर आला तसे काट्याचे मालक शेटजी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले, "नक्कल कुठी हाय?"

"डब्यात होती, शेटजी."

"मंग डब्याले पाय फुटले का?"

ड्रायव्हर हसले. सुधाकरनं माझ्याकडं पाहिलं. मी झेंडूची माळ सरळ करत राहिलो.

डिस्क बाहेर काढून, तिच्यावरचे आकडे वाचून, संध्याकाळपर्यंत खपून त्यानं संगणक उठवला. तरी शेटजींनी त्याला पुन्हा यायचं नाही म्हणून सांगितलं. मग बाकीच्या काटेवाल्यांनीही त्याला बोलावणं सोडलं. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि त्यासाठी तीन वर्षं होती. रस्त्यात भेटला की तो "बरं हाय ना, भाऊ?" विचारायचा. मला त्याचाच संताप यायचा... शिवी का देत नाही हा माणूस?

सुधाकरला पोचवून घाटावरून परतताना शेटजी म्हणाले, "आदमी चांगला होता, पण लापरवाह." तेव्हा कुठं मी बोललो. डबा मी दिला होता, म्हणालो. शेटजी म्हणाले, "जाऊ द्या ना आता." जाऊ द्या!

संगणकाच्या टेबलाखालच्या कप्प्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्या संध्याकाळी, शेटजींनी पुन्हा येऊ नको म्हटल्यावर, निघण्याआधी सुधाकरनं तो लावला. सेटिंगचे सगळे आकडे, आणि खाली एक ओळ : 'खंडेनवमीला हा कागद काढू नये.' म्हणजे त्याला कळलं होतं. मी ती ओळ त्याच दिवशी वाचली होती. रोज सकाळी दार उघडलं की वाचतो. त्यात माझं नाव नाही. तेच मला सहन होत नाही.