सुजेची गोळी

१४ जुलै. एका कंपनीच्या कामगारांच्या फिटनेस तपासणीचे रिपोर्ट मी फायलीला लावत होते. उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात मी डाएटिशियन आहे. समोर रावसाहेब बसलेले. शेंद्र्याच्या एमआयडीसीत त्याच कंपनीत फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलायची गाडी चालवतात. उन्हाळ्यापासून खाणं आवरून, पायी चालून त्यांनी शुगर चांगली उतरवली होती. आज 'फिट'चा शिक्का मिळाला की फोर्कलिफ्ट त्यांच्याकडेच राहणार होती.

मशीनवर शुगरचा आकडा आला तीनशे नव्वद.

"काय खाल्लं?"

"काईच नाय, म्याडम."

"गोळ्या सोडल्या?"

"नाय. उलट एक जास्तीची घेतो. सुजेची."

त्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. स्टिरॉइड. गावातल्या मेडिकलवाल्यानं दिलेलं. महिनाभर रोज चालू.

"पाय सुजला होता?"

"पाय कशाला सुजंल? तुमच्याच भिंतीवर लिवलंय, 'लठ्ठपणा म्हणजे आतली सूज'. म्हणलं, आतल्या सुजेची दे."

बोर्ड त्यांच्या डोक्यामागेच होता. छापतानाच मी आमच्या डॉक्टर सरांना म्हणाले होते, "सूज म्हटलं की लोक गोळी मागतात." सर म्हणाले होते, "इन्फ्लमेशनला मराठीत सूजच म्हणतात, मॅडम."

म्हणतात. पोटावरच्या चरबीच्या पेशी भरून फुगतात, काही मरतात. ती घाण काढायला मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी येतात आणि तिथंच मुक्काम ठोकतात. त्या जी रसायनं सोडतात, त्यांमुळं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. साखर रक्तातच राहते. ही सूज बोटानं दाबून कळत नाही. स्टिरॉइडनं ही साखर आणखी वर जाते.

सरांनी इन्सुलिन लिहिलं, स्टिरॉइड हळूहळू बंद करायला सांगितलं आणि फॉर्मवर 'अनफिट'चा शिक्का मारायला घेतला.

"सर, ही गोळीची शुगर आहे. उतरेल. शिक्का महिनाभर थांबवा."

"आजचा आकडा आजचा." सरांनी शिक्का मारला.

"महिनाभरानं या," मी रावसाहेबांना म्हणाले.

"तवर फोर्कलिफ्ट माझी वाट बघंल व्हय?" त्यांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. "दुसऱ्या पोराला शिकवून ठेवलंय त्यांनी."

ते गेल्यावर मी सरांना बोर्ड बदलायचं विचारलं.

"बोर्डाचं काय? सायन्स करेक्ट आहे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी मी स्टुलावर चढले. 'सूज' खोडून दुसरा शब्द लिहायचा होता. सापडला नाही. मग खाली जाड मार्करनं लिहिलं : या सुजेची गोळी मेडिकलवर मिळत नाही.